वेशीवरच्या देवाची आग

जपानच्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. ‘ओन्सेन’ म्हणजे उष्णोदकाचे झरे. अशा झऱ्यांवर बांधलेली १३ सार्वजनिक स्नानगृहे गावात असून त्यांची निगा त्या त्या आळीतले गावकरीच राखतात. अलीकडे बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी तेथे परदेशी लोकांची रीघ लागते. मी गेलो होतो तो मात्र दरवर्षी १५ जानेवारीच्या रात्री होणारा दोसोजिनचा अग्न्युत्सव पाहावयास. साल २०१९. बरोबर माझा पुतण्या होता. तो नोकरीनिमित्त तीन वर्षे त्या देशात राहत होता.

दोसोजिन हा मोठ्या देवालयाचा देव नव्हे. तो वाटेवरचा, वेशीवरचा. पुष्कळदा तो स्त्रीपुरुषांच्या जोडीच्या रूपाने दगडात कोरलेला आढळतो. रोगराई व अरिष्ट गावाबाहेर थोपवावे, वाटसरूला सांभाळावे, लग्ने जुळवावी, घरात मूल द्यावे, ही त्याची कामे. आमच्या गोव्याच्या वाचकांना राखणदार म्हटले की पुष्कळसे उमजेल. नोझावात या जोडीची कथा मोठी गमतीची आहे. दोघेही दिसावयास कुरूप, म्हणून कोणाशीच लग्न जुळेना. शेवटी त्यांचे एकमेकांशीच जुळले आणि त्यांना पुत्र झाला. घरोघरी लाकडाची अशी लहान जोडी करून ठेवतात. देवाच्या कुरूपतेचे असे कौतुक करणारे लोक मला तरी फारसे ठाऊक नाहीत.

जपानने १८७३ मध्ये पाश्चात्त्य पंचांग स्वीकारले. त्यापूर्वी हा सण वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमारास येत असे. त्याला ‘धाकटे नववर्ष’ म्हणत. आता तारीख कायमची ठरली आहे. त्या वर्षी आपली मकरसंक्रांतही १५ तारखेलाच आली होती. वहिनींनी दिलेला तिळगुळाचा डबा माझ्या पिशवीत होता, आणि त्याबरोबर एक निरोपही: “भावोजी, त्याला धनू राशीची साडेसाती चालू आहे. शनिवारी दिवा लावतो की नाही, तेवढे पाहा.”

साडेसातीवरून जपानी लोकांच्या ‘याकुदोशी’कडे वळणे सोपे जाते. याकुदोशी म्हणजे अरिष्टाचे वर्ष. पुरुषाला पंचविसावे आणि बेचाळिसावे वर्ष घातक मानतात, आणि त्यांतही बेचाळिसावे अधिक. चार आणि दोन हे आकडे जोडून उच्चारले की ‘शि-नी’ होते आणि त्यातून मरणाचा अर्थ निघतो. अशा वर्षी माणूस काय करतो? देवळात जाऊन विधी करवून घेतो, ताईत आणतो. आपणही तेच करतो. मारुतीला तेल घालतो आणि घरी येऊन गप्प बसतो. ज्याची दशा, त्याने भोगावी. नोझावात मात्र ही दशा गावाच्या हाती दिलेली असते.

चाळीस ते बेचाळीस वर्षांच्या पुरुषांचा एक गट असतो. त्याला ‘सान्याको’ म्हणतात. उत्सवाचा सारा भार त्यांच्यावर. बीच जातीचे वृक्ष ते डोंगरातून तोडतात, १३ जानेवारीला त्यांतील देववृक्ष दोरांनी गावातून ओढीत आणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही खिळा न ठोकता त्यांचे ‘शादेन’ उभारतात. शादेन म्हणजे लाकूडफाट्याचे देवालयच म्हणा ना! ते दहा मीटरांहूनही उंच असते. कोकणात होळीचे झाड वाजतगाजत आणताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही ओढाओढ आणि आरडाओरड परकी वाटणार नाही. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बाईंचा मुलगा टोकियोहून रजा काढून आला होता. त्याचे ते बेचाळिसावे वर्ष.

रात्री गावातल्या एका जुन्या घरात गारगोटीने अग्नी पाडतात. तेथे साके पिऊन झाल्यावर मोठी चूड पेटवून ती मैदानात आणतात आणि तिच्यावर होळी शिलगावतात. बेचाळिशीचे पुरुष तोवर शादेनाच्या माथ्यावर चढून बसलेले असतात. पंचविशीचे तरुण दोर धरून, पायथ्याशी पाठ लावून उभे. आता गावाने त्या होळीवरून चुडी पेटवून आणायच्या आणि शादेनाला आग लावायची. तरुणांनी ती पाइनच्या ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायची. आधी मुले येतात, त्यांना हसतहसत परतवितात. मग मोठे येतात, आणि हसणे संपते.

हे नाटक नव्हे, हे मला पहिल्या काही क्षणांतच कळले. पेटत्या चुडी तरुणांच्या अंगावर, तोंडावर येत होत्या. ठिणग्यांचा पाऊस माथ्यावरच्या माणसांपर्यंत चढत होता आणि ते वरून गात होते, खाली माणसांना आणखी चिथावत होते. पायथ्याच्या एकाचे तोंड काजळीने काळे झाले होते आणि ओठातून रक्त येत होते. हल्ला करणारा मागे फिरताना त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला. पुन्हा चूड पेटवून तोच परत आला.

तेथे, बर्फात उभे असताना, पुतण्या मला म्हणाला, “काका, मार्चअखेर माझा करार संपतो. पुढे ठेवणार नाहीत. आईला सांगितलेले नाही.”

“केव्हापासून ठाऊक आहे तुला?”

“ऑक्टोबरपासून.”

मी काही बोललो नाही. बोलण्याजोगे सुचले नाही, आणि गलकाही फार होता. तीन महिने हा मुलगा आपली दशा खिशात घालून एकटा हिंडत होता, आणि समोर एक गाव आपल्या बेचाळीस वर्षांच्या माणसांची दशा चव्हाट्यावर मांडून तिच्याशी झोंबत होते.

पुढे एका क्षणी टाळ्यांची सलामी झाली आणि भांडण संपले. वरची माणसे उतरली, चुडी शादेनात फेकल्या गेल्या, आणि ज्याच्यासाठी सारी रात्र झुंज झाली ते देवालय धडाडून पेटले. ज्या घरी पहिला मुलगा जन्मला असेल त्या घरचा उंच कंदीलस्तंभही त्याच आगीत जातो. तान्ह्याला कुशीत घेऊन उभी असलेली एक आई मी पाहिली. तिचा स्तंभ जळत होता आणि ती आनंदाने पाहत होती. १९९३ मध्ये जपान सरकारने हा उत्सव राष्ट्राची महत्त्वाची अमूर्त लोकसांस्कृतिक संपदा म्हणून घोषित केला. तिला मात्र त्या आगीत बहुधा आपले मूलच दिसत असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखाऱ्यांवर गावकरी मोची, म्हणजे तांदळाचे चिकट वडे, भाजून खात होते. त्याने वर्षभर आजार येत नाही म्हणतात. घरच्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हांलाही दिले. मी त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांचा मुलगा भुवई जळलेल्या चेहऱ्याने शेजारी बसून डुलक्या घेत होता.

पुतण्या जरा दूर, बर्फाच्या ढिगाजवळ उभा राहून फोनवर बोलत होता. फोंड्यात त्या वेळी पहाट असावी. बराच वेळ तो नुसते “हो, आई” म्हणत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, ती विचारते आहे, तुम्हांला ठाऊक होते का?” मी फोन घेतला.