मुळशीच्या काठी विजेचा हिशेब

मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते. या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. आज त्याच काठी तंबू ठोकणाऱ्या कुटुंबाला मात्र वीज सोबत न्यावी लागते.

आजोबांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राखायच्या, तर हिशेब निघण्यापूर्वीच मांडावा. छोटा फ्रीज सरासरी १५ वॅट घेत असेल, तर दिवस-रात्रीस ३६० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ६०० वॅट-तास असतात. परंतु लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी, म्हणजे वीस तासांत ती संपते. लिथियम-फॉस्फेटची सुमारे ५०० देते आणि वजनालाही हलकी असते. भांडवल अधिक लागते खरे. पण शिल्लक राखूनच व्यवहार करावा, हे व्यापाऱ्यास सांगणे न लगे.