बोरांशिवायचे बोरन्हाण

मंगळवार पेठेतल्या गल्ल्या अशा, की एका घरात कढई चढली की वास चार घरांत जातो. सण कोणाचा, हे विचारायला सवडच मिळत नाही.

जानेवारीत संक्रांतीपासून इथे बोरन्हाणाचा धडाका सुरू होतो. बाळाला काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या यांचा पाऊस. भोवती लुटायला टपलेली पोरे! दागिने निम्मे बाळ चाखते, उरलेले मुंग्या नेतात. घडणावळ बुडाली म्हणून कोणी रडत नाही.

आमच्याकडे लेक उशिरा आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आणा की वो तिलाबी, दोघींचं एकदमच करू." आमच्या आईने मान हलवली. आम्ही म्हटले, आई, यात देव कुठे आहे? हंगामाची फळे नि पोरांचा दंगा. बावीस प्रतिज्ञांपैकी एकही मोडत नाही. पण आईचे दुखणे निराळे होते. लहानपणी गावात सणाचे वाण तिला उंबऱ्याबाहेर उभे राहून पदरात झेलावे लागे. देणारा हात कायम वरच. "माझ्या नातीच्या अंगावर कुणी वरनं काय टाकायचं न्हाई," एवढेच ती म्हणाली. यावर आमच्या बी.कॉम.च्या पदवीत उत्तर नव्हते.

तेव्हा तोड अशी निघाली. काकूंकडे थोरला लुटायला गेला आणि खिसे फुगवून आला. लेकीची पाळी १४ एप्रिलला. पांढरा फ्रॉक, निळी रिबीन. एप्रिलात बोरे कुठली? परातभर चुरमुरे आणि बत्तासे घेतले. (फुटाणे मुद्दाम टाळले. तान्ह्याच्या घशात अडकतात. बोराच्या बियांचेही तेच.) बाळाला परातीपुढे बसवले, वरून कोणी काही टाकायचे नाही. बाईसाहेबांनी दोन्ही मुठी भरल्या आणि चुरमुरे आजीच्याच अंगावर उधळले! काकू हसल्या, मग आईही हसली. गल्लीतली पोरे तुटून पडली.

संध्याकाळी सगळे बिंदू चौकात गेलो. महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे हे पुतळे १९५० सालचे, बाबासाहेबांच्या हयातीत बसवलेले. गर्दीत लेकीला आईनेच उचलून घेतले होते. तिच्या पांढऱ्या केसांत दोन चुरमुरे अजून तसेच होते. आम्ही ते काढले नाहीत.