केडगावची फळबाग

"तू आर्ट्सला कशी?" हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मला किती जणांनी विचारला असेल, त्याची गणती नाही. बारावीपर्यंत मी शास्त्र शाखेत होते. पुढे मिरजेला जाऊन नर्सिंग करायचे, हे घरी इतके पक्के होते की, दुसरा विचार कुणाच्या मनात डोकावला नव्हता. परीक्षा संपून आठच दिवस झाले होते. चादरीच्या कारखान्यात मागावर उभे असताना बाबा कोसळले. अर्धांगवायू! त्यांचा उजवा हात गेला आणि त्या हाताबरोबर माझी मिरजही गेली. आता सकाळी त्यांचे अंग पुसून, चहा पाजून मी कॉलेजला येते. भवानी पेठेत शेजारचे माग खटखटत असतात आणि बाबा ते ऐकत पडून असतात.

आम्ही ख्रिस्ती. समाचाराला येणारा प्रत्येकजण प्रार्थना करी आणि जाताना म्हणे, "बाई, यात देवाची काहीतरी योजना आहे." हे ऐकून मला धीर येण्याऐवजी चीडच येई. बाबांचा हात लुळा करून मला मराठी साहित्य शिकविण्याची ही कसली योजना?

अशा मनःस्थितीत पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा हाती आले. संडे स्कूलमध्ये ते कित्येकदा ऐकले होते, पण एका गोष्टीकडे लक्ष गेले नव्हते. १८८२ साली रमाबाईंचे पती वारले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली आणि १८८३ मध्ये स्वतःच वैद्यक शिकण्यासाठी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंड गाठले. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांना कमी ऐकू येत होते. त्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. परका देश, पदरात मूल आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद! रमाबाई चेल्टनहॅमला स्वतः शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला त्या मुद्दाम गेल्या. आपल्याला न मिळालेली पदवी दुसरीच्या हाती पडताना पाहून त्यांना काय वाटले असेल? आणि आनंदीबाईंचे तरी काय झाले? ठरविल्याप्रमाणे सारे पार पडले, पण रुग्णसेवेला लागण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला जमीन घेतली, तिथे फळबाग करायची होती. आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेवर दौंड सोडले की लागते, तेच हे केडगाव. पण १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या जणींना तिथे ठेवणे शक्य नव्हते. मग बागेच्या जागेवरच त्यांचे बिऱ्हाड पडले. तेच मुक्ती मिशन.

आता कुणी म्हणेल, "पाहा, कान गेले म्हणून मुक्ती झाली!" प्रवचनांतून असा हिशेब मी बऱ्याचदा ऐकला आहे. मला तो पटत नाही. कारण मग १९२१ चे काय? त्या वर्षी मनोरमा वारली. आईचे काम पुढे चालविणारी म्हणून जिच्याकडे सगळे पाहत होते, तीच आईच्या आधी गेली. या ओळीसमोर जमेची रक्कम कुठली मांडणार? रमाबाईंनी असा हिशेब मांडून विश्वास ठेवला असेल, असे मला वाटत नाही. अब्राहामही कुठे जायचे हे ठाऊक नसताना घरातून निघाला होता. त्याच्या हातात नकाशा नव्हता. बोलावणारा सोबत आहे, एवढाच त्याला भरवसा होता.

बाबांच्या हाताचे कारण मला अजून कळलेले नाही आणि कळेलच असेही नाही. मात्र अलीकडे मी देवाला "का?" असे कमी विचारते, "आज काय?" असे जास्त विचारते. त्याचे उत्तर बहुधा साधे असते. बाबांची कूस बदलायची, औषध आणायचे, उद्याचा निबंध लिहायचा. कधी उत्तर येतच नाही, तेव्हा नुसती बसून राहते. मिरजेची आठवण आली की अजूनही घसा दाटतो. प्रार्थनेत तेही सांगते.

रमाबाईंना खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणायचे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. मनोरमा गेल्यावर रमाबाईंच्या हाती वर्षही उरले नव्हते. प्रकृती खचली होती आणि कानांनी तर कधीच साथ सोडली होती. तरी त्या भाषांतराच्या कामाला बसत राहिल्या. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापून पुरे झालेले पुस्तक त्यांना पाहायला मिळाले नाही.