पेप्टाइड आणि आम्ही

आमच्या घरातल्या बायकांच्या चेहऱ्यांना आजवर काय काय लागले, त्याची यादी केली तर एक लहानसे दुकान भरेल. दादीअम्मांच्या काळात मुलतानी माती आणि दुधाची साय. अम्मीच्या काळात स्नोची डबी, पावडर आणि निकाहआधी आठ दिवस हळद-बेसनाचे उबटन. आमच्या वाट्याला गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब आली. तिच्यावरच्या चित्रातली मुलगी डावीकडून उजवीकडे उजळत जायची. आणि आता आमच्या मुली, भाच्या, पुतण्या ड्रॉपरच्या छोट्या काचेच्या बाटल्या आणतात. त्यांवर शब्द असतो 'पेप्टाइड'. किंमत अशी की अम्मी ऐकून पहिल्यांदा "तौबा" म्हणतात आणि मग विचारतात, "इसमें क्या है गे? सुव्वर का तो कुछ नै ना?"

प्रश्न दोन आहेत. त्यात काय आहे, आणि ते आम्हाला चालते का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमची आम्हीच शोधायची ठरवली. दुकानदाराला माहीत नसते आणि मौलवीसाहेबांना तरी कितीदा विचारणार?

पेप्टाइड समजायला तस्बीह डोळ्यांसमोर आणावी. एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. मणी थोडे असतील तर ते पेप्टाइड, माळ खूप लांब होऊन गुंडाळी-घड्या पडल्या की ते प्रोटीन. कोणता मणी कोणामागे ओवला यावर माळेचे काम ठरते. हे काही परके द्रव्य नव्हे. आमच्या फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी अब्बांचे इन्सुलिन वर्षानुवर्षे ठेवलेले असते. तेही पेप्टाइडच, ५१ मण्यांचे. १९२१ साली कॅनडात ते सापडले आणि पुढची साठेक वर्षे गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले गेले. किती मुसलमान घरांत त्यावर चर्चा झाल्या असतील! १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेले, माणसाच्या इन्सुलिनसारखे हुबेहूब इन्सुलिन बाजारात आले आणि ती अडचण बरीचशी मिटली. त्याआधीही उलेमांनी मजबुरीचा आधार सांगितला होताच. पण मजबुरी जीव वाचवण्यासाठी असते, सुरकुती घालवण्यासाठी नाही. म्हणून अम्मींचा प्रश्न आम्हाला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही.

आता क्रीममधले पेप्टाइड. आमच्या कातडीला ताठ ठेवणारे प्रोटीन म्हणजे कोलॅजन. वय वाढते, उन्हात फिरणे होते, तसे ते तुटत जाते. तुटलेल्या कोलॅजनचे बारीक तुकडे पेशींना निरोप देतात की इथे मोडतोड झाली आहे, नवे बांधा. तो निरोपाचा तुकडा कारखान्यात बनवून बाहेरून लावला तर? सगळी कल्पना एवढीच. असा एक पाच मण्यांचा तुकडा आहे. त्याला पाल्मिटिक आम्लाची मेदाळ शेपटी जोडून फ्रान्समधल्या एका कंपनीने २००० साली तो सौंदर्यप्रसाधनांसाठी बाजारात आणला. दुसरा तीन मण्यांचा. तो १९७३ साली लोरेन पिकार्ट या अमेरिकन संशोधकाला माणसाच्या रक्तद्रवात सापडला. तो तांब्याला धरून ठेवतो, म्हणून त्याचे सीरम निळे दिसते. आमच्या भाचीच्या निळ्या बाटलीत हेच होते, आणि अम्मींना ती शाईची दौत वाटली होती.

पण कातडी म्हणजे काही गाळणे नव्हे. अल्लाहने ती बाहेरचे आत येऊ नये म्हणूनच दिली आहे. २००० साली नेदरलँड्समधल्या दोन डॉक्टरांनी एक ढोबळ नियम मांडला की ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही. तीन मण्यांचे पेप्टाइड साधारण ३४० डाल्टनचे, म्हणजे नियमात बसणारे. पण ते पाण्यात विरघळणारे, तेलकट थराशी त्याचे जमत नाही. पाच मण्यांचे शेपटीसह आठशेच्या घरात, म्हणजे नियमाबाहेर, पण शेपटीमुळे तेलकट थरात शिरायला त्याला मदत होते. आणि अख्खे कोलॅजन सुमारे तीन लाख डाल्टनचे! तेव्हा 'कोलॅजन क्रीम' लावून कोलॅजन आत जाईल, ही आशा दाराच्या फटीतून हत्ती आत येण्याची आशा आहे. वर बसून ते कातडी मऊ ठेवते, इतकेच. सहा मण्यांचे आणखी एक आहे. ते बोटॉक्ससारखे काम करते, असे सांगून विकतात. बोटॉक्स सुईने स्नायूपर्यंत पोचवावे लागते. क्रीम तिथवर कसे पोचणार, हे विकणाऱ्यांनी सांगावे.

मग सगळे झूटच का? नाही. २००५ साली त्या पाच मण्यांच्या पेप्टाइडची एक नीट चाचणी छापून आली. ३५ ते ५५ वयाच्या ९३ बायका, बारा आठवडे, अर्ध्या चेहऱ्यावर साधे क्रीम आणि अर्ध्यावर तेच क्रीम पेप्टाइड घालून. पेप्टाइडचे प्रमाण दहा लाखांत तीन भाग. बारीक रेषा थोड्या कमी झाल्या. फरक होता, पण लहान. चाचणी करणारे शास्त्रज्ञ क्रीम विकणाऱ्या कंपनीचेच, आणि बायका सगळ्या गोऱ्या वंशाच्या. आमच्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात आणि काळे डाग लवकर, हे कोणतीही खाला सांगेल. डागांचे मुख्य कारण ऊन. तेव्हा पैसे एकाच बाटलीपुरते असतील तर ती बाटली उन्हापासून वाचवणाऱ्या सनस्क्रीनची असावी, असे आमचे मत झाले.

हलालचे म्हणाल तर क्रीममधली ही छोटी पेप्टाइड्स प्रयोगशाळेत एकेक मणी जोडून बनवतात. जनावराचा संबंध सहसा येत नाही. पाल्मिटिक आम्ल बहुतेक वेळा पामतेलातून येते, पण चरबीतूनही काढता येते. तेवढे मात्र कंपनीला विचारावे लागते. खरी चौकशी करायची ती पाण्यात घालून प्यायच्या कोलॅजन पावडरची. ती माशाच्या, गाईच्या किंवा डुकराच्या कातडी-हाडांतून येते आणि डब्यावर नुसते 'कोलॅजन पेप्टाइड' लिहिलेले असते. वुजूचीही शंका निघाली. पाण्यासारखे सीरम मुरून जाते, नेलपॉलिशसारखा थर राहत नाही. पण दिवसातून पाच वेळा तोंड धुणाऱ्यांनी ते इशानंतर लावावे, म्हणजे रात्रभर राहते. "बुरख्यात कोणाला दाखवायचे?" असे विचारणारे पुरुष आमच्याही घरात आहेत. त्यांना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवत नाही.

हे सगळे चाललेले असताना भाचीला स्थळ आले. मुलाकडच्यांना मुलगी आवडली, घर आवडले. जाताना मुलाची फुफी म्हणाली, "लडकी जरा साफ होती तो..." आठवड्याने ब्यूटी पार्लरवाल्या बाईंनी उपाय सुचवला. ग्लुटाथिओनचे सलाईन, दहा बैठका, निकाहपर्यंत रंग उजळेल. ग्लुटाथिओन हेही तीन मण्यांचे पेप्टाइडच. आपले शरीर ते स्वतः बनवते, यकृतात ते भरपूर असते. पण शिरेतून सोडणे ही वेगळी गोष्ट. फिलिपाइन्समध्ये रंगासाठी त्याची फार चलती झाली, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने २०११ साली इशारा दिला की अंगावर फोड येऊन कातडी सोलणारी गंभीर ॲलर्जी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे बिघाड होऊ शकतात. बाई म्हणाल्या, इंजेक्शन नको तर एक क्रीम आहे, बाहेरून येते, लेबल नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशाच क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना सूज आलेली डॉक्टरांना आढळली. कारण होते पारा. तो रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. लघवीला फेस येईपर्यंत कोणाला संशय येत नाही.

अम्मी सगळे ऐकून घेत होत्या. भाची गप्प होती. आमच्यातल्या एकीने तिला विचारले, "तुझे काय म्हणणे आहे?" ती म्हणाली, "सीरम माझ्या पैशांचे आहे, ते लावीन. सुई नको."

त्या घराला नकार कळवला. मुलाच्या वडिलांनी कारण विचारले, तेव्हा भाईजाननी फोनवर एवढेच सांगितले की मुलीचे बी. एड.चे शेवटचे वर्ष आहे.