पेटी विद्यापीठाची, पत्रं आपली

गॉटिंगेन, ९ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

सुखरूप पोचले. खोली उबदार आहे आणि मेतकुटाची बरणी फुटली नाही. एवढं कळलं की आई चष्मा काढून ठेवणार, तेव्हा इथून पुढचं तुमच्यासाठी.

गाव लहान आहे आणि जवळजवळ सगळं विद्यापीठाचंच. स्थापना १७३७ची. जुन्या तटाच्या वाटेवर झाडांखाली गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांचा पुतळा आहे. गाउस बसलेले, वेबर उभे. या दोघांनी १८३३ मध्ये गावातल्या घरांच्या छपरांवरून तार नेली आणि वेधशाळा ते भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा असा सुमारे किलोमीटरभर विजेवर निरोप धाडला. १८४५ मध्ये वीज पडून ती तार गेली. उभी नोकरी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, डब्यात टपाल वर्गवारी करण्यात घालवलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवेना.

दुसरी गोष्ट तर थेट पुण्याची. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न १८८१ मध्ये पुणं सोडून इथे प्राध्यापक झाले आणि १९०८ मध्ये इथेच वारले. त्यांच्या जागेवर डेक्कन कॉलेजात भांडारकर आले, आणि १८८५ मध्ये याच विद्यापीठाने भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. कीलहॉर्न यांचं पतंजलीचं महाभाष्य मुंबईत छापलं जात होतं आणि शेवटच्या काही वर्षांत संपादक बसले होते इथे. म्हणजे त्या पुस्तकाची उरलेली दुरुस्ती टपालानेच झाली असणार. ते टपाल तुमच्यासारख्याच कुणीतरी डब्यात बसून लावलं असेल.

आता माझ्या टपालाचं. पाहुण्या संशोधकाला आल्याआल्या खोलीची किल्ली, ग्रंथालयाचं कार्ड आणि विद्यापीठाचं ईमेल खातं मिळतं. पुस्तक परत मागितलंय, चर्चासत्राची खोली बदललीय, हस्तलिखित बघायला अमुक वाजता या, सगळं त्या खात्यावरच येतं. ब्राउझर उघडून ते वाचता येतं. पण दर वेळी लॉगिन, आणि नेट गेलं की टपाल बंद. म्हणून लॅपटॉपवर थंडरबर्ड नावाचा ईमेलचा प्रोग्रॅम घातला. फुकट आहे, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४च्या डिसेंबरात निघाली, आणि पत्रं आपल्या डिस्कवर उतरवून ठेवतो.

प्रोग्रॅम आधी तीन गोष्टी विचारतो: नाव, पत्ता, पासवर्ड. त्यावरून तो सर्व्हरची माहिती स्वतःच शोधतो. सापडली नाही तर ‘मॅन्युअल’ नावाचं बटण दाबून आपण भरायची. संगणक विभागाने दिलेला कागद शेजारी ठेवून मी तेच केलं. येणाऱ्या टपालासाठी आयमॅप, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस. कागदावर एक ओळ ठळक छापलीय: वापरकर्त्याचं नाव म्हणजे ईमेलचा पत्ता नव्हे. पत्त्यात माझं नाव-आडनाव आहे, पण लॉगिनला वेगळंच छोटं नाव दिलंय. प्रोग्रॅम त्या रकान्यात आपणहून पत्ता भरतो, आणि तो तसाच ठेवला की ‘पासवर्ड चुकला’ म्हणतो. पासवर्ड बरोबरच असतो. मदतकक्षातल्या मुलाने सांगितलं की सत्राच्या सुरुवातीला त्याच्याकडे येणारी निम्मी माणसं याच रकान्यापायी येतात.

तुम्ही विचाराल, आयमॅप म्हणजे काय. जुनी पद्धत पॉपची: पोस्टमनने पत्र हातात दिलं की पोस्टाचा संबंध संपला. आयमॅपमध्ये पत्रं पोस्टातल्या तुमच्या खणातच राहतात आणि घरी त्यांची नक्कल असते. घरी एखादं पत्र फाडलंत की खणातलंही फाटतं, आणि पोस्टाने खण रिकामा केला की घरचीही नक्कल जाते. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काढली. फोन, लॅपटॉप, ग्रंथालयातला संगणक, तिन्हीकडे तेच टपाल आणि वाचलेलं-न वाचलेलं याची खूणही तीच, हा तिचा मोठा फायदा.

अजून एक बारकावा. या खात्यातले फोल्डर जर्मन नावांचे आहेत. पाठवलेली पत्रं ज्यात पडतात तो आधीपासून होता, आणि थंडरबर्डने त्याच्या शेजारी ‘सेंट’ नावाचा स्वतःचा नवा काढला. ब्राउझरमधून पाठवलेलं एकात, लॅपटॉपवरून पाठवलेलं दुसऱ्यात. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ असं पान आहे. तिथे जर्मन फोल्डर निवडून दिला आणि सगळं एका जागी आलं. मसुद्यांचं आणि कचऱ्याचंही तिथेच लावून टाकलं.

हे पत्र मात्र कागदावरच. इथली टपालपेटी पिवळी असते.

तुमची,
मंजू


उट्रेख्त, २६ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

गॉटिंगेनहून हॅनोवर, तिथे गाडी बदलून ॲम्स्टरडॅमच्या गाडीने हॉलंड. सपाट शेतं, कालवे, गाई. मध्ये बराच वेळ नेट नव्हतं आणि समोरचे गृहस्थ फोन खिडकीला लावून धरत होते. मी लॅपटॉप उघडून गेल्या आठवड्यातली सगळी पत्रं वाचली, कारण ती डिस्कवर होती. उत्तरं लिहिली आणि ‘सेंड लेटर’, म्हणजे ‘नंतर पाठवा’, केली. ती आउटबॉक्समध्ये पडून राहिली. सरहद्द ओलांडल्यावर नेट आलं, ‘पाठवायची राहिलेली पत्रं पाठवा’ म्हटलं, आणि एकामागून एक यादीतून नाहीशी झाली. डब्यात टपाल लावत जायचं आणि स्टेशन आलं की पिशव्या उतरवायच्या, हे तुमचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे यात तुम्हाला नवल वाटणार नाही.

नेट नसताना पत्रं वाचायला खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ पानावर ‘या खात्याची पत्रं या संगणकावर ठेवा’ ही खूण असावी लागते. नसली तर फक्त विषयाच्या ओळी उतरतात आणि पत्र उघडायला नेट लागतं.

उट्रेख्तमध्ये चर्चचा मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे आहे. १६७४च्या वादळात मधला भाग कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. आज तिथे मोकळा चौक आहे, विद्यापीठाची जुनी इमारत त्याच्याच कडेला. चौकात बाकावर बसले, लॅपटॉप उघडला, आणि कुणालाही काही न विचारता वायफाय जोडलं गेलं. नाव तेच, गॉटिंगेनमध्ये होतं ते: एज्युरोम.

याचं जन्मस्थान हेच गाव. इथल्या सर्फनेट संस्थेतल्या क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली. काम असं चालतं: इथलं विद्यापीठ माझा पासवर्ड तपासत नाही. माझ्या नावापुढच्या ॲट चिन्हानंतर काय लिहिलंय तेवढं बघतं आणि विचारणा वरच्या सर्व्हरकडे देतं. ती देशाच्या सर्व्हरवरून जर्मनीत, तिथून गॉटिंगेनला जाते. तिथून ‘बाई आमच्याच’ असं उत्तर आलं की इथे दार उघडतं. पासवर्ड वाटेत कुणाला दिसत नाही, कारण पाकीट गॉटिंगेनमध्येच फुटतं. अट एकच. सेटिंगमध्ये आपल्या विद्यापीठाच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र नीट बसवलेलं हवं. नाहीतर त्याच नावाचं खोटं वायफाय कुणी उभं केलं तर आपला संगणक त्यालाच पासवर्ड देऊन बसेल. आता शंभरावर देशांत हे चालतं, भारतातही.

इथे माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, तिच्याकडे उतरलेय. तिचं खातं तिच्या संस्थेने मायक्रोसॉफ्टकडे ठेवलेलं. माझं बघून तिनेही थंडरबर्ड घेतला, पण तिथे पासवर्ड भरून चालत नाही. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२पासून नुसत्या पासवर्डची वाट बंद करायला घेतली. ‘ऑथेंटिकेशन’च्या रकान्यात ‘नॉर्मल पासवर्ड’ऐवजी ‘ओऑथ२’ निवडावं लागतं. मग एक खिडकी उघडते, त्यात संस्थेचंच लॉगिनचं पान येतं, फोनवर आकडा येतो, तो भरायचा. प्रोग्रॅमच्या हाती पासवर्ड पडतच नाही. मिळतो तो एक परवाना, आणि संस्थेला तो कधीही रद्द करता येतो. तिला शेवटी ‘प्रशासकाची मंजुरी हवी’ अशी पाटी दिसली. तिने संगणक विभागाला दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. अशा वेळी रकाने उलटसुलट करत बसण्यात अर्थ नसतो. कुलूप त्यांच्या बाजूला असतं.

इथली टपालपेटी नारिंगी आहे.

तुमची,
मंजू


केंब्रिज, ८ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

नेपाळातून आलेली संस्कृत हस्तलिखितं बघायला इथे आलेय. ताडपत्रं मऊ उशीवर ठेवून देतात, पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. ग्रंथालयाचा विटांचा उंच मनोरा लांबून दिसतो. तो बांधणाऱ्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच इंग्लंडातली लाल टेलिफोनची खोपटी आखली. रस्त्यावर त्या खोपट्या आणि लाल टपालपेट्या शेजारी-शेजारी दिसतात. पेटीवर ती बसवली त्या वेळच्या राजाची किंवा राणीची अक्षरं असतात, त्यावरून तिचं वय कळतं. तुम्ही असतात तर ग्रंथालयात आलाच नसतात.

टपालाच्या दृष्टीने हे गाव मोठं. इथल्या विद्यापीठाच्या संगणक विभागात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम नावाचा प्रोग्रॅम लिहिला. ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पोचवणं हे त्याचं काम. आपल्या विद्यापीठाची गरज म्हणून लिहिला आणि मग जगाला वाटून टाकला. आज असंख्य सर्व्हरवर तो टपाल वाहतोय.

वाहणं आणि स्वीकारणं ही दोन वेगळी खिडकी-कामं आहेत, हे मला इथे नीट कळलं. सर्व्हर आपसांत पोर्ट २५वर बोलतात. पूर्वी लोकांचे प्रोग्रॅमही तिथूनच पत्रं टाकत. त्याच खिडकीतून फुकटे जाहिरातवालेही घुसायला लागले. मग १९९८ मध्ये माणसांसाठी ५८७ नंबरची वेगळी खिडकी ठरली, आणि तिथे आधी ओळख दाखवायची अशी रीत पडली. म्हणून मी उतरलेय त्या लॉजच्या वायफायने २५ बंद ठेवलंय तरी माझी पत्रं ५८७वरून बिनबोभाट जातात, आणि पत्र केंब्रिजहून टाकलं तरी निघतं गॉटिंगेनच्या सर्व्हरवरूनच.

आता मुख्य मुद्दा, आणि हा कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या सईला वाचून दाखवा.

वाचनकक्षात माझ्या शेजारी बसणारे एक संशोधक आधी दुसऱ्या देशातल्या एका विद्यापीठात होते. करार संपला, ठरल्या तारखेला खातं बंद झालं. एका जुन्या पोथीच्या पाठभेदांवर चाललेला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्यात होता. ज्यांच्याशी तो झाला त्यातले एक गृहस्थ आता हयात नाहीत. विद्यापीठाने नियम मोडला नाही. खातं त्यांचं, मुदत लिहिलेली, सूचनाही पाठवली होती. पण पत्रं गेली.

थंडरबर्डमध्ये पत्रं दिसतायत म्हणजे ती आपली झाली, असं नाही. पोस्टातला खण रिकामा झाला की नक्कलही जाते, हे पहिल्या पत्रात लिहिलंच आहे. आपली प्रत वेगळी काढावी लागते. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतं. त्यात नवा फोल्डर काढायचा, खात्यातली पत्रं निवडायची, आणि त्यात कॉपी करायची. ‘मूव्ह’ नाही, ‘कॉपी’. हलवली तर सर्व्हरवरून जातात आणि फोनवर दिसेनाशी होतात. मग नेट बंद करून चारदोन पत्रं उघडून बघायची, जोडलेल्या फाइलींसकट उघडतात का. त्यानंतर थंडरबर्डचा प्रोफाइलचा फोल्डर एका वेगळ्या डिस्कवर उतरवायचा, कारण लॅपटॉपही चोरीला जातो. थंडरबर्डमधली पत्त्यांची वहीही त्याच फोल्डरमध्ये असते, तीही त्याबरोबर येते.

सईचं कॉलेज येत्या मेमध्ये संपतंय. इंटर्नशिपची पत्रं, प्रकल्पावर सरांनी दिलेल्या सूचना, शिफारशी, सगळं कॉलेजच्या खात्यावर आहे, आणि ती फक्त फोनवर बघते. खात्याची मुदत पदवीनंतर किती, हे तिने आजच कॉलेजच्या संगणक विभागाला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. बँक, पासपोर्ट, नोकरीचे अर्ज यांना तिने कॉलेजचा पत्ता दिला असेल तर तो आत्ताच बदलावा. खातं बंद झाल्यावर बदलायला निघालं की खात्रीचा आकडा त्याच बंद पत्त्यावर जातो. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की तुम्ही तिच्या शेजारी बसून ही कॉपी करून घ्या. वर्गवारी तिला तुम्हीच शिकवा: कामाचं एकीकडे, माणसांचं एकीकडे, रद्दी वेगळी. खातं बंद झाल्यावर मदतकक्षाच्या हातातही काही राहत नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
मंजू