तेरा जणांतून पंधरा जणांत

जेसन रॉबिन्सनवर लिहावे, ही संपादकांची सूचना मी आनंदाने स्वीकारली. त्याच्या कारकिर्दीतून चुकीचा धडा काढला जातो, आणि रग्बीच्या तंत्राचा अभ्यास हेच माझे काम असल्यामुळे ते मला फार दिवस सलते आहे. लीड्समध्ये जन्मलेला रॉबिन्सन विगन क्लबकडून रग्बी लीग खेळून मोठा झाला. नोव्हेंबर २००० मध्ये तो सेल क्लबकडे, म्हणजेच रग्बी युनियनमध्ये आला. फेब्रुवारी २००१ मध्ये तो इंग्लंडकडून मैदानात उतरला आणि २००३ साली विश्वविजेत्या संघात होता. यावरून लोक म्हणतात, अस्सल गुणवत्ता कुठेही चमकते. मग सॅम बर्जेससारखा लीगमधला तितकाच थोर खेळाडू २०१५ च्या विश्वचषकात अपयशी ठरला, की त्याच्यातच खोट होती असा निकाल देऊन ते मोकळे होतात. दोन्ही निकाल मला अमान्य आहेत. लीगमधून युनियनमध्ये येणाऱ्याचे यश मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्याला मैदानावर कोणती जागा दिली, आणि त्या जागेचे काम शिकायला किती अवधी दिला. गुणवत्ता लागतेच, पण या पातळीवर पोहोचलेल्या प्रत्येकाकडे ती असते.

आधी गैरसमज दूर करतो. लीग आणि युनियन ही एकाच रग्बीची दोन रूपे आहेत असे समजणाऱ्यांना पुढचे काही कळणार नाही. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले वीसेक क्लब वेगळे झाले. कामगार खेळाडूंची खाड्यामुळे बुडणारी मजुरी भरून द्यावी, ही त्यांची मागणी होती. पुढे त्यांनी नियम बदलले आणि १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. पैसे घेऊन लीग खेळलेल्याला युनियनची दारे कायमची बंद होत. ती उघडली ऑगस्ट १९९५ मध्ये, युनियन स्वतः व्यावसायिक झाल्यावर. लगेच पुढच्या मे महिन्यात विगन आणि बाथ या दोन बलाढ्य क्लबांत दोन सामने झाले. लीगच्या नियमांनी विगनने ८२–६ असा विजय मिळवला. युनियनच्या नियमांनी बाथने ४४–१९ असा. त्या काही दिवसांत कुणाची गुणवत्ता वाढली नव्हती की घटली नव्हती. मातीत वाढलेल्या पैलवानाला गादीवर उतरवले, की डाव तेच राहूनही कुस्ती बदलते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

हा फरक पडतो तो टॅकलनंतरच्या दोन-तीन सेकंदांत. लीगमध्ये खेळाडूला पाडले की झटापट संपते. तो उठतो, पायाने चेंडू मागे सारतो, बचाव करणारे दहा मीटर मागे हटतात, आणि सहा टॅकलनंतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. युनियनमध्ये खरा झगडा तिथेच सुरू होतो. पडलेल्या चेंडूवर दोन्ही बाजू तुटून पडतात, रक तयार होतो, आणि त्यात शिरायचे की बाहेर राहून बचावाची फळी सांभाळायची, हे क्षणार्धात ठरवावे लागते. बाजूने शिरलात, पायांवर उभे न राहता हात घातलात, तर पेनल्टी. फ्लँकरचे, म्हणजे स्क्रमच्या कडेला असणाऱ्या फॉरवर्डचे, तर आयुष्यच या निर्णयांत जाते, आणि लीगमध्ये फ्लँकर ही जागाच नाही. आतल्या सेंटरलाही, म्हणजे बारा क्रमांकाच्या खेळाडूला, चेंडू मिळतो तेव्हा प्रतिस्पर्धी रकच्या मागच्या पायापाशी उभे असतात. धडक, पास की किक, हे ठरवायला त्याला लीगच्या मानाने फारच कमी जागा मिळते. कडेच्या दोन विंगर्सचे आणि मागच्या फुलबॅकचे काम मात्र दोन्ही खेळांत बरेच सारखे असते. उंच चेंडू झेलणे, समोरच्या एकट्या बचावपटूला चकवणे, मोकळ्या जागेत धावणे: हे ज्ञान सोबत येते.

आता २००३ चा सिडनीतला अंतिम सामना पाहा. ऑस्ट्रेलियाच्या मागच्या फळीतले तिघेही, लोटे तुकिरी, वेंडेल सेलर आणि मॅट रॉजर्स, लीगमधून आलेले होते. इंग्लंडकडे रॉबिन्सन होता. सामन्यातले दोन्ही ट्राय, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, लीगमधून आलेल्यांनीच केले. पहिला तुकिरीने, सहकारी लार्कमच्या आडव्या उंच किकवर रॉबिन्सनच्या डोक्यावरून चेंडू झेलून, आणि सहाव्या टॅकलवर अशी किक मारणे ही लीगची नेहमीची चाल आहे. दुसरा रॉबिन्सनने, सहकारी विल्किन्सनच्या पासवर कोपऱ्यात घसरत. इंग्लंड जादा वेळेत २०–१७ जिंकला. तेव्हा इंग्लंडच्या बचावाचे प्रशिक्षक फिल लार्डर हेही लीगमधलेच. रॉबिन्सन अपवादात्मक होता म्हणून चमकला, असे म्हणणाऱ्यांनी त्याच मैदानावर त्याच प्रकारच्या जागांवर असलेल्या इतर तिघांचेही उत्तर द्यावे. शिवाय रॉबिन्सन एका रात्रीत युनियनपटू झाला हेही खरे नाही. १९९६ मध्ये लीगचा हंगाम उन्हाळ्यात गेल्यामुळे त्याचा हिवाळा मोकळा झाला, आणि तो हिवाळा त्याने बाथकडून युनियन खेळण्यात घालवला. सेलला आला तेव्हा तो या खेळात नवखा नव्हता.

यावर नेहमी दोन नावे पुढे केली जातात: लीगमधूनच आलेल्यांपैकी सॉनी बिल विल्यम्स सेंटरला खेळला, आणि ब्रॅड थॉर्न तर लॉक, म्हणजे स्क्रम आणि लाइनआउटच्या ऐन गर्दीतला खेळाडू. दोघेही न्यूझीलंडकडून २०११ चा विश्वचषक जिंकले. आक्षेप गंभीर आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. विल्यम्स २००८ मध्ये फ्रान्समधल्या तुलों क्लबकडे गेला, तिथे दोन हंगाम घडला, आणि मग २०१० मध्ये न्यूझीलंडकडून खेळला. थॉर्नने २००१ मध्ये राष्ट्रीय संघातली निवड स्वतःहून नाकारली आणि २००३ मध्ये स्वीकारली. अवघड जागा शिकता येते, मात्र तिला वर्षे द्यावी लागतात.

बर्जेसला ती मिळाली नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये गालाचे हाड मोडलेले असताना त्याने साउथ सिडनी या लीग क्लबला १९७१ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवून दिले आणि सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक घेतले. अशा माणसाच्या हिमतीवर बोट ठेवणे मला सहन होत नाही. त्या हिवाळ्यात तो बाथकडून युनियन खेळू लागला. क्लबने त्याला आधी सेंटरला आजमावले आणि पुढे सहा क्रमांकावर, फ्लँकर म्हणून, स्थिरावू दिले. इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी मात्र विश्वचषकासाठी त्याला बारा क्रमांकावर निवडले. युनियनमधल्या दोन सर्वांत अनोळखी जागा, त्याही एका वर्षाच्या आत! २६ सप्टेंबर २०१५ ला वेल्सविरुद्ध तो बदलला गेला तेव्हा इंग्लंड आघाडीवर होता. सामना त्यानंतर २५–२८ असा निसटला. आठवड्याने ऑस्ट्रेलियाने हरवले आणि यजमान साखळीतच बाद झाले. तरी खापर बर्जेसवर फुटले, आणि नोव्हेंबरात तो लीगला परतला. त्याला परतच जायचे होते, असे म्हणणारे कार्यकारण उलटे करतात: निवडीचा निर्णय आधी झाला होता, परतणे नंतरचे. लीगमधूनच आलेल्या हेन्री पॉललाही २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेंटरवरून पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर काढले गेले. त्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार रॉबिन्सन होता.

म्हणून रॉबिन्सनचे ५१ सामने आणि २८ ट्राय मला निसर्गदत्त देणगीपेक्षा योग्य निवडीचा पुरावा वाटतात. विंगवरून फुलबॅकला, मग कर्णधारपदाकडे, अशा ओळीने त्याला एकेक नवी जबाबदारी मिळाली आणि प्रत्येक वेळी आधीचे काम पक्के झालेले होते. यात खेळाडूचे श्रेय कमी होत नाही. उलट त्याने जे शिकून घेतले ते पहिल्यांदा दिसू लागते. यापुढे असा कुणी खेळाडू खेळ बदलेल आणि फसेल, तेव्हा त्याला नावे ठेवण्याआधी त्याला कुठे उभे केले आणि किती दिवस दिले, हे विचारावे. ती उत्तरे निवड समितीने द्यायची असतात, आणि ती तिच्याकडूनच मागितली पाहिजेत.