‘ऑफ’ की ‘फ्रॉम’?

घाटंजी तालुक्यातील एका शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन वस्तू मी विशेष जपून आणल्या होत्या. एक, वडिलांनी वापरून वापरून खिळखिळी केलेली तर्खडकर भाषांतर पाठमाला. आणि दुसरी, लाल शाईची बाटली. वसईच्या केळीच्या बागा आणि विहिरीचे रहाट पाहत वाढलेल्या मला यवतमाळ जिल्ह्यातील ती काळी माती, ते दूरवर पसरलेले पराटीचे शेत आणि ते रखरखीत ऊन, सारेच नवे होते. भाषा मात्र आपलीच, असे मी समजत होतो. पहिल्याच दिवशी एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, मले समजलं नाही.” पुस्तकातला ‘ला’ इकडे ‘ले’ होतो, हे मला त्या दिवशी उमगले. एवढासा प्रत्यय; पण त्याने मी परका आणि तो घरचा, हे ठरवून टाकले.

लाल शाईला एक जुना इतिहास होता. मी मुंबईला महाविद्यालयात शिकत असताना, वडील माझ्यावर रागावले आहेत, हे सांगण्यासाठी भर वर्गात ‘अँग्री ऑन मी’ असे बोललो होतो. ‘ऑन’ नव्हे, ‘विथ’ हवे होते. वर्ग हसला, प्राध्यापकही हसले. मराठीत राग माणसावर येतो, म्हणून मी तो इंग्रजीतही माणसाच्या वर ठेवला, यात माझा काय अपराध, हे तेव्हा मला सांगता आले नाही. माझ्या विद्यार्थ्यांवर ती पाळी येऊ द्यायची नाही, असा निश्चय मी मनाशी केला. तो निश्चय चांगला होता. त्याच्या अंमलबजावणीत काय चुकले, ते पुढे सांगतो.

ज्यांनी इंग्रजी शिकवली आहे त्यांना ठाऊक असेल की, मुलांना काळ जमतो, प्रयोग जमतो, स्पेलिंगही पाठ होते. पण क्रियापदामागून किंवा विशेषणामागून येणारा तो दोन-तीन अक्षरांचा शब्द काही केल्या जमत नाही. आपले शब्दयोगी अव्यय आणि विभक्तीचा प्रत्यय नामाच्या पाठीशी उभे राहतात. इंग्रजीतील प्रिपोझिशन नामाच्या पुढ्यात उभे राहते. नावाचा अर्थच ‘आधी ठेवलेले’ असा आहे. पण ते कोणते असावे, हे बहुधा त्याच्याही आधी आलेले क्रियापद किंवा विशेषण ठरवते. मराठीत आपण कुत्र्याला भितो. इंग्रज माणूस ‘अफ्रेड ऑफ’ म्हणतो. आपण एखाद्याशी लग्न करतो. त्यामुळे आमची मुले ‘मॅरीड विथ’ लिहितात, हवे असते ‘मॅरीड टू’. आपण गणितात हुशार असतो. इंग्रजीत मात्र ‘गुड ॲट’ व्हावे लागते. आपण एखाद्याला हसतो, म्हणून मुलगा ‘लाफ’च्या पुढे काहीच न घालता माणूस आणून बसवतो, तेथे ‘ॲट’ पाहिजे. उलट ‘डिस्कस’ला काहीच नको असते, तेथे हमखास ‘अबाउट’ येते. कारण आपली चर्चा नेहमी कशावर तरी किंवा कशाबद्दल तरी चालते. ‘प्रिफर’च्या पुढे ‘दॅन’ येते, कारण आपल्या कानात ‘पेक्षा’ घुमत असतो. पण ते क्रियापद लॅटिनच्या घरातून आलेले आहे आणि त्याला ‘टू’च लागते.

क्वचित दोन्ही भाषांचे सूर जुळतात. पीक पावसावर अवलंबून असते. इंग्रजीतही ‘डिपेंड’च्या पुढे ‘ऑन’च येते. हे उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि दर वर्षी सारा वर्ग ते बरोबर सोडवीत असे. कोरडवाहू कापसाच्या मुलखातील मुलांना ते वाक्य चुकावे तरी कसे?

अशा साठ-सत्तर जोड्यांची यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत असे आणि पाढ्यांसारखी म्हणवून घेत असे. नियम विचारला तर सांगायला फारसा नव्हता. माणसांच्या सोयरिकी जशा परंपरेने जुळतात, तशा या शब्दांच्याही जुळल्या आहेत, एवढेच मी सांगे. २००० साली आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्यापूर्वी मराठी शाळांतून ती पाचवीत भेटत असे. पुढे दहावीला येणारी मुले दहा-दहा वर्षे इंग्रजी शिकून येऊ लागली. वाक्ये लांबली, ठेच मात्र त्याच लहान दगडांना लागत राहिली.

निराश झालो की मला फादर स्टीफन्स आठवत. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आला, आपली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याने रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. कोंकणी भाषेचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. माझी मुले ज्या वाटेने जात होती, त्या वाटेने हा माणूस उलट्या दिशेने चालत आला होता. राग माणसावर येतो, भीती मात्र माणसाची वाटते, लग्न माणसाशी होते, हे त्यालाही एकेक करून घोकावे लागले असणार. त्याच्याही चुकांवर कोणी हसले असेल. तरीही तो शिकला, कारण त्याला त्या माणसांशी बोलायचे होते.

याच लहान शब्दांनी थोरामोठ्यांनाही विचारात पाडले आहे. रविवारी मिस्सामध्ये उभे राहून आपण श्रद्धेची घोषणा करतो. इंग्रजीत तेथे ‘बिलीव्ह’ या क्रियापदापुढे ‘इन’ येते, ते लॅटिनवरून. संत ऑगस्टीनने योहानच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत दाखवून दिले की, देवाच्या शब्दावर विश्वास ठेवणे निराळे आणि ‘इन’ लावून देवाठायी विश्वास ठेवणे निराळे. पहिले सैतानालाही जमते. लॅटिनमधील त्या ‘इन’मध्ये आत जाण्याची, आपल्या जागेवरून हलून त्याच्याकडे निघण्याची हालचाल आहे. आमची मुले ‘बिलीव्ह ऑन’ लिहितात, कारण मराठी विश्वास ‘वर’ ठेवला जातो. मी ते खोडत असे. पुढे एकदा वाचनात आले की १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही कित्येक ठिकाणी ‘बिलीव्ह ऑन’च आहे. त्या दिवशी लाल शाई जरा फिकी वाटली. पण मी ती टाकून दिली नाही.

आता २०१७ सालची गोष्ट. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. किडीचा जोर होता आणि फवारणीला खंड नव्हता. दाट, उंच पिकात पंप घेऊन शिरलेल्या माणसाच्या तोंडावर, डोळ्यांवर आणि अंगावर ते विष उडत असे. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले. वीसहून अधिक दगावले. वर्तमानपत्रे मी रोज वाचत होतो. वाचून हळहळत होतो आणि घडी घालून ठेवत होतो.

दिवाळीच्या आधी मी दहावीला रजेचा अर्ज लिहायला दिला होता. अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रश्न. मुले नेहमीच ताप, बहिणीचे लग्न, आजीचे आजारपण अशी कारणे लिहितात. एका अर्जात वडिलांच्या मृत्यूचे कारण होते. ‘डाइड’च्या पुढे ‘बाय मेडिसिन’ असे लिहिले होते. आमच्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात आणि औषध म्हणजे मेडिसिन, असे त्या मुलाने सरळ भाषांतर केले होते. मी ‘बाय’ खोडून वर ‘ऑफ’ लिहिले, ‘मेडिसिन’खाली रेघ ओढली आणि चारपैकी अडीच गुण दिले. पुढची वही घेतली.

तो मुलगा पंधरा दिवस शाळेत नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मीच गैरहजेरी मांडली होती.

वह्या वाटल्यावर तो मधल्या सुटीत आला. त्याने विचारले, “सर, इथं ‘ऑफ’ काहून केलं?” मी उत्साहाने समजावू लागलो. रोगाने मरण आले तर साधारणतः ‘ऑफ’; जखम, अपघात असे बाहेरचे कारण असेल तर ‘फ्रॉम’; ही सीमा इंग्रजांच्या लिखाणातही पुसट आहे, पण परीक्षेत एवढे ध्यानात ठेव. तलवारीने किंवा स्वतःच्या हाताने मरण आले तर ‘बाय’. आत्महत्येच्या बातमीतही हल्ली ‘बाय’च छापतात.

तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मंग ‘फ्रॉम’ पायजे, सर. माह्या बाबाले बिमारी नव्हती. गावात लोकं म्हणतात औषध पेला. त्यानं पेलं नाही, सर. त्याले फवारता फवारता लागलं.”

त्याच्या वडिलांना रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतात फवारणीला नेले होते, हे मला नंतर इतर मुलांकडून कळले. आमच्या भागात औषधाने माणूस गेला म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो प्यायल्याचा. इतकी वर्षे, इतक्या घरांत तेच घडले आहे. आपल्या तृतीयेच्या ‘ने’मध्ये दोन्ही मरणे मावतात, ‘प्याला’ आणि ‘लागले’ ही. मुलाने ‘ने’चे ‘बाय’ केले आणि नकळत लोकांचाच आरोप लिहिला. मी त्याचे ‘ऑफ’ केले आणि त्याच्या बापाला रोगी ठरवले. खरे काय ते सांगणारा शब्द तिसराच होता आणि तो त्यानेच शोधून माझ्यापुढे ठेवला.

मी त्याच्या वहीत ‘फ्रॉम’ लिहिले; ‘मेडिसिन’च्या जागी कीटकनाशकाचा इंग्रजी शब्द लिहून दिला. गुण चारपैकी चार केले. ते करताना मला लाज वाटली, कारण गुणांचा तेथे काहीच संबंध नव्हता. बापाविषयी दोन शब्द विचारायला हवे होते, तेही मला त्या क्षणी सुचले नाहीत. ते विचारण्यासाठी मी पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. भिंतीवरच्या खुंटीला फवारणीचा एक जुना रुमाल टांगलेला होता. नाकातोंडावर बांधायला तेवढाच होता, असे ती म्हणाली. इंग्रजीचा विषय निघाला नाही.

आता मी निवृत्त आहे. शेजारची मुले अजून वह्या घेऊन येतात आणि मी त्यांना त्याच साठ-सत्तर जोड्या म्हणायला लावतो. त्या यायलाच हव्यात. दहावीच्या परीक्षेला लागतात, मुलाखतीला लागतात. आणि वर्ग हसला की काय वाटते, ते मी विसरलेलो नाही. पण वही हातात आली की पेनाचे टोपण मी लगेच काढत नाही. आधी वाक्य शेवटपर्यंत वाचतो. कधी विचारतो, “हे खरंच घडलं का रे?” बहुतेक वेळा मुले हसून “नाही” म्हणतात, बहिणीचे लग्न झालेले नसते, आजी ठणठणीत असते. मग आम्ही दोघे मिळून तो लहान शब्द शोधतो.